पावसाळी हवेत मॅकरॉनचे शेल वाळत नाहीत. साठवणीबाबतही सल्ला हवा आहे

नमस्कार. मी साताऱ्यात राहते आणि वर्षभरापासून घरी फ्रेंच मॅकरॉन करते. (तुतिकोरिनचे काजूचे मॅकरून नव्हेत, बदामपुडीच्या दोन शेलमध्ये सारण भरतात ते.) मार्चमध्ये ह्याच प्रमाणाने, ह्याच ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) भाजलेला एकही शेल तडकला नव्हता. आषाढ लागल्यापासून मात्र तीन घाणे वाया गेले आहेत, आणि येत्या रविवारी सांगलीला भाचीच्या वाढदिवसासाठी 40 मॅकरॉन न्यायचे आहेत.

माझे प्रमाण 100 ग्रॅम अंड्यातील पांढरा भाग, 100 ग्रॅम बारीक साखर आणि प्रत्येकी 125 ग्रॅम बदामपूड व पिठीसाखर असे आहे. बदाम भिजवून सोलते, पूर्ण वाळवते आणि पिठीसाखरेबरोबरच मिक्सरमधून थांबत थांबत फिरवते, म्हणजे तेल सुटत नाही. मिश्रण उलथण्यावरून रिबिनीसारखे सलग ओघळू लागले की बटर पेपरवर गोल पाडते आणि ट्रे ओट्यावर आपटून बुडबुडे काढते. इथवर सारे ठीक होते.

ह्यानंतर गोलांवर पातळ साय धरायला हवी, इतकी की बोट अलगद फिरवले तरी काही चिकटू नये. ती धरली तरच भाजताना वाफ वरून न फुटता खालच्या कडेने बाहेर पडते, शेल उचलला जातो आणि ज्या झालरीला फ्रेंच लोक ‘पाय’ म्हणतात ती तयार होते. उन्हाळ्यात ही साय 40 मिनिटांत धरत असे. आता दोन तास पंख्याखाली ठेवूनही बोट चिकटते. पहिले दोन घाणे वरून तडकले आणि त्यांना पाय आलेच नाहीत. तिसरा घाणा ओटीजी अगदी मंद ठेवून, दार किंचित उघडे ठेवून दहा मिनिटे सुकवला, तेव्हा पाय सुरेख आले. परंतु शेल उचलताना तळ कागदालाच राहिला आणि हातात नुसता पोकळ पापुद्रा आला. त्या वेळी ओटीजीचे बटण 150 अंशांवर होते, पण आत ठेवलेला थर्मामीटर 170 दाखवत होता. त्यामुळे पोकळपणा सुकवण्याच्या पद्धतीमुळे आला की वाढलेल्या आचेमुळे, हे मला ठरवता येत नाही. दमट हवेत ओटीजीत सुकवून कोणाचे शेल भरीव झाले आहेत का? की अंड्याच्या पांढऱ्या भागाच्या फेसात 118 अंशांचा साखरेचा पाक ओतून करतात ते इटालियन मेरिंगच करावे? त्याचा फेस अधिक पक्का असतो, हे मला ठाऊक आहे. पण एका हाताने मिक्सर धरून दुसऱ्याने उकळता पाक ओतायची मला भीती वाटते आणि घरी मदतीला कोणी नसते.

दुसरा प्रश्न साठवणीचा आहे. सारण डार्क चॉकलेटच्या गनाशचे (चॉकलेट आणि क्रीमच्या दाट मिश्रणाचे) करणार असून, त्याचे कडे पाडून मधोमध महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा थोडा जॅम ठेवणार आहे, कारण नुसत्या जॅमने शेल भिजतो. भरलेले मॅकरॉन हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये 24 तास मुरले की सारणाचा ओलावा शेलमध्ये उतरतो आणि ते आतून मऊ होतात. न मुरलेला मॅकरॉन मला अपुराच वाटतो, म्हणून सांगलीत ऐन वेळी भरण्यास मन तयार होत नाही. शनिवारी सकाळी भरून, रात्रभर मुरवून, बर्फाच्या पेटीतून कराडमार्गे नेले तर तीन तासांच्या प्रवासात ते टिकतील का? आणि पोहोचल्यावर गार डबा लगेच उघडला तर ह्या हवेत शेलना घाम फुटून ते चिकट होतील. तो किती वेळ बंदच ठेवावा? आमच्याकडे पावसात वीज तीन-तीन तास जाते, त्यामुळे शुक्रवारपासूनच भरून ठेवण्याचे धाडस होत नाही.

पुढचा घाणा गुरुवारी रात्री लावणार आहे. त्याआधी निदान सुकवण्याबद्दल कोणी लिहिले तर फार उपकार होतील.