जुन्या घराच्या पत्र्याखाली क्लोज्ड सेल फोम मारून घ्यावा का?

तापलेला_माळा
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा विचारतोय. घर आजोबांच्या काळातलं, जाड विटांच्या भिंती, वर उतरतं छप्पर. आधी कौलं होती, ती काढून बाबांनी पत्रा घातला पण वासे जुनेच ठेवले, लाकडाचे. पत्रा आणि खालचं सीलिंग यांच्यामध्ये माणूस वाकून जाईल एवढा माळा आहे. उन्हाळ्यात दुपारी वरच्या खोलीत बसवत नाही, रात्री अकरा वाजले तरी तीच तऱ्हा, एसी बंद केला की दहा मिनिटांत परत भट्टी. एक कॉन्ट्रॅक्टर येऊन बघून गेला, म्हणाला पत्र्याला आतून तीन इंच क्लोज्ड सेल स्प्रे फोम (फवारला की फुगून घट्ट होणारा) मारू, गळती पण बंद होईल आणि वीस वर्षं परत वर बघायलाच नको. ऐकायला भारी वाटतं पण घरात एकदा मारलं की निघत नाही म्हणतात, म्हणून आधी विचारलेलं बरं. कुणी केलंय का? आणि ओपन सेल स्वस्तात होतं म्हणतात, ते चालेल का?

गनवाला_होतो
मी काही वर्षं हेच काम केलंय, आता सोडलं, त्यामुळे कुणाची बाजू घेत नाही. आधी ओपन आणि क्लोज्डचा फरक. ओपन सेल म्हणजे स्पंजसारखा, हलका, घनमीटरला साधारण 8 किलो, बोटानं दाबला की दबतो आणि त्यातून वाफ आरपार जाते. क्लोज्ड सेल 30 ते 35 किलोचा, टणक, नखानं ओरखडा निघेल पण दबणार नाही, त्याचे बुडबुडे बंद असतात आणि आत गॅस कोंडलेला असतो म्हणून त्याच जाडीत ओपन सेलच्या मानानं जवळजवळ निम्मीच उष्णता आत येऊ देतो. दमट हवेत पत्र्याखाली ओपन सेल नको, ओल धरून बसतो.

आता कामाचं. दोन रसायनांचे दोन ड्रम असतात, एकात आयसोसायनेट आणि दुसऱ्यात पॉलिओल, गरम होजमधून फवारायच्या गनपर्यंत वेगवेगळे येतात आणि गनच्या तोंडाशी एकास एक मिसळतात. मारला की दोन-तीन सेकंदांत फुलायला लागतो, तीसपट होतो. प्रॉडक्ट घरात येत नाही हो, कच्चा माल येतो, प्रॉडक्ट तुमच्या माळ्यावर तयार होतं, आणि ते नीट तयार झालं की नाही हे गन धरणाऱ्यावर आहे. मिश्रण बिघडलं तर एका बाजूला ठिसूळ किंवा दुसऱ्या बाजूला चिकट राहतो आणि मासळीसारखा वास येतो, तो महिनोन्महिने जात नाही, खरवडून काढणं हाच उपाय. दुसरं म्हणजे एका वेळी दोन इंचांपेक्षा जास्त थर मारायचा नाही. फुलताना तो स्वतःच तापतो, जाड थर मारला तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, आतून करपतो, पेटल्याच्या घटना झाल्यात. तीन इंच एका दमात मारतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

मारताना आणि नंतर निदान 24 तास घरात कुणी थांबायचं नाही, खालच्या मजल्यावर पण नाही. आम्ही बाहेरून हवा पुरवणारे मास्क लावायचो. आयसोसायनेटची एकदा ॲलर्जी बसली की दमा मागे लागतो आणि मग थोड्याशा वासानंही त्रास होतो. माझ्या बरोबरचा एक जण त्यापायी काम सोडून बसला.

वासा_तुळई
"वीस वर्षं परत बघायलाच नको" हे वाक्य मला फार आवडलं, कारण खरंच बघता येत नाही!

माझा अनुभव सांगतो. जुनं घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकानं पत्र्याखाली आणि वाशांच्या मधल्या जागेत सगळीकडे फोम भरलेला होता, वरून छान पिवळट, कोरडा, टकटक वाजणारा. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीच्या एका कोपऱ्यात चहाच्या डागासारखा पट्टा दिसायला लागला. तिथून वर सहा-सात फुटांवर फोम कापून काढला, करवतीच्या पात्यानं, तासभर लागला हातभर पट्टी काढायला, आणि आतल्या वाशात स्क्रूड्रायव्हर ढकलला तर लोण्यात गेल्यासारखा मुठीपर्यंत आत. पत्र्याच्या एका स्क्रूचा रबर वॉशर वाळून तडकला होता एवढंच कारण. फोम नसता तर पहिल्याच पावसात थेंब खाली पडला असता आणि मी वॉशर बदलला असता. फोमनं गळती बंद केली नाही, गळतीची बातमी बंद केली. पाणी लाकूड आणि फोमच्या मध्ये अडकून बसलं, ना खाली येतंय ना वाळतंय. शेवटी पाच वासे बदलले.

वाळवीचंही तेच. ती फोम खात नाही पण त्यातून बोगदे करून आरामात जाते, आणि मातीच्या ज्या रेघा एरवी दिसल्या असत्या त्या झाकल्या जातात. ब्रिटनमध्ये तर फोम मारलेल्या माळ्याच्या घराला कर्ज द्यायला बऱ्याच बँका कां-कूं करतात, कारण सर्व्हेयरला लाकूडच दिसत नाही.

आणि वायरिंग! जुन्या घरात माळ्यावरून कापडी नाहीतर रबरी वायरी गेलेल्या असतात. वायर मोकळ्या हवेत असते तेव्हा गार राहते, फोममध्ये चारी बाजूंनी गाडली की तिची करंट वाहायची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. आधी वायरिंग बदला, पाइपात घ्या, मग पुढचं बोला.

पत्र्याखालचा
जरा दुसरी बाजू पण येऊ दे, सगळेच घाबरवताय त्याला. मी तीन वर्षांपूर्वी केलंय, दोन इंच, दोन थरांत. फरक एवढा आहे की माझा सांगाडा लोखंडी, लाकूड नाही, आणि मारायच्या आधी पत्रे नवे घातले. दुपारची झळ गेली म्हणजे गेलीच, पावसाचा ताशासारखा आवाज निम्मा झाला, पहाटे पत्र्याला आतून दव धरायचं आणि खाली टपटप करायचं ते पण थांबलं. फोमचा अर्धा फायदा तर हवेच्या फटी बुजण्याचा आहे, तो कापूस किंवा थर्माकोलच्या शीटनं मिळत नाही.

पण एक सांगतो जे मला कुणी सांगितलं नव्हतं. फोमनंतर माझा जुना एसी खोलीला मोठा झाला. पाच-सात मिनिटांत खोली थंड आणि कॉम्प्रेसर बंद, पण तेवढ्या वेळात हवेतलं पाणी निघतच नाही, त्यामुळे थंड आणि चिकट असा विचित्र प्रकार, पांघरूण पण दमट लागायचं. शेवटी लहान इन्व्हर्टर एसी लावला तेव्हा कुठे बरं वाटलं. आणि घर सीलबंद होतं, तर आत गॅसचा गीझर असेल तर त्याला बाहेरची हवा हवीच, नाहीतर कार्बन मोनॉक्साइडचा खेळ होईल, त्यात थट्टा नाही. फोम उघडा पण ठेवू नका, आग लागली तर पेटतो आणि काळा धूर करतो, त्यावर अर्धा इंची जिप्सम बोर्ड पाहिजे. उन्हात उघडा राहिला तर पिवळा पडून पावडर होतो ते वेगळंच.

गणिताची_सवय
मला तीन इंचाचा आकडा खटकला. भर उन्हात पत्रा सहज 65 डिग्रीला जातो, आतली हवा 30 धरा, म्हणजे 35 चा फरक. नुसता पत्रा असेल तर चौरस मीटरला ढोबळमानानं 200 वॉट आत येतात. एक इंच क्लोज्ड सेल लावला तर ते 35 वर येतात, दोन इंचाला 17-18, तीन इंचाला 12, चार इंचाला 9. म्हणजे पहिल्या इंचानं जवळजवळ सगळी लढाई मारली, दुसरा इंच घ्यावा असा आहे, तिसऱ्यात वाचतात पाच-सहा वॉट. कॉन्ट्रॅक्टर इंचावर पैसे लावतो हे लक्षात घ्या. आणि पत्र्याला बाहेरून पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग दिला तर पत्राच 65 ऐवजी बराच खाली राहतो, फोमला काम उरतं कमी.

पण मूळ प्रश्नात एक गोष्ट कुणी पकडली नाही. रात्री अकराला खोली भट्टी आहे म्हणता. पत्रा पातळ असतो हो, सूर्य गेला की तासाभरात गार पडतो, त्यात उष्णता साठवायची ताकदच नाही. रात्री अकराला तापलेली असते ती जाड विटांची भिंत, दुपारभर ऊन पिऊन रात्री सोडते. एसी बंद केल्यावर दहा मिनिटांत गरम होतं तेही त्यामुळेच, हवा थंड झाली पण भिंती नाही झाल्या. आज रात्री अकराला स्टुलावर चढा, एक हात सीलिंगला लावा आणि एक पश्चिमेच्या भिंतीला, आणि सांगा इथं. भिंत निघाली तर छताला सहा इंच फोम मारला तरी तुमची रात्र तशीच राहणार.

आणि हो, भिंत निघाली तर तिला आतून फोम मारायचा विचार करू नका. जुनी विटांची भिंत पावसाचं पाणी पिते आणि दोन्ही बाजूंनी वाळते, आतली बाजू बंद केली की ओल विटांत राहून मिठासारखा पांढरा क्षार फुटतो आणि गिलावा सुटतो. सावली बाहेरून करायची.

तापलेला_माळा
सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. काल रात्री केला प्रयोग, बायको म्हणाली स्टुलावर चढून भिंतीला काय मिठी मारतोयस. सीलिंग साधारण अंगाएवढंच गरम, पश्चिमेची भिंत मात्र दुपारी उन्हात ठेवलेल्या गाडीच्या बॉनेटसारखी नाही म्हणणार पण त्याच जातीची. पूर्वेची गार. म्हणजे गणितवाले दादा बरोबर.

आज सकाळी टॉर्च घेऊन माळ्यावर पण गेलो, पंधरा वर्षांत पहिल्यांदा. पत्र्यात सुईएवढे चार उजेडाचे ठिपके दिसले आणि एका वाशाच्या बुडाशी काळा ओला पट्टा. स्क्रूड्रायव्हर टोचला तर अर्धा इंच गेला, मुठीपर्यंत नाही गेला देवाच्या कृपेनं. वायरी कापडीच आहेत, एका ठिकाणी उंदरानं कुरतडलेली. आणि हा कॉन्ट्रॅक्टर तिथं वर गेलाच नव्हता, खालून सीलिंगच्या झडपेतून मोबाइलनं फोटो काढून निघाला होता.

तर फोम सध्या रद्द. आधी वॉशर आणि वायरिंग, मग पत्र्याला पांढरा रंग, आणि पश्चिमेच्या भिंतीबाहेर फूटभर अंतर सोडून जाळी लावून वेल चढवायचा. दुपारचं जे उरेल त्यासाठी सीलिंगच्या वर काढता-घालता येतील अशा रॉकवूलच्या (दगडापासून केलेल्या लोकरीच्या) गाद्या टाकू म्हणतोय. एकच शंका, माळ्याला दोन्ही टोकांना जुन्या लाकडी झरोक्याच्या खिडक्या आहेत, आतून बाबांनी खिळे मारून बंद केल्यात, त्या उघडू का?

वासा_तुळई
उघडा. गाद्या सीलिंगवर टाकणार असाल तर माळा बाहेरच्या हवेतच राहिलेला चांगला, गरम हवा निघून जाईल आणि वासे वाळतील. फक्त आतून बारीक जाळी लावा, नाहीतर उंदरांच्या जोडीला वटवाघळं येतील. आणि तो काळा वासा, तिथं खडूनं खूण करून तारीख लिहून ठेवा, पहिल्या पावसानंतर परत टोचून बघा.

गनवाला_होतो
रॉकवूल टाकताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मास्क. खाज दोन दिवस जात नाही.