मिथाईल गट पुसले की आतड्याचा कॅन्सर बरा होतो म्हणे!

खडूस_वाचक: कालच्या धाग्यात एकाने लिहिलं, ‘एपिजेनेटिक बदल उलटवता येतात, औषधंही आहेत, मग मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला केमो कशाला?’ डोकं फिरलं वाचून. एपिजेनेटिक म्हणजे जनुकाचा मजकूर तोच, पण मिथाईल गटासारख्या रासायनिक खुणांनी ते चालू-बंद होणं. हे मिथाईल गट डीएनएवर लावणाऱ्या डीएनएमटी एन्झाइमांना अडकवणारं अझासायटिडीन हे औषध 2004 पासून मिळतंय, पण अस्थिमज्जेच्या आजारासाठी. पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये एन्टिनोस्टॅट या दुसऱ्या एपिजेनेटिक औषधाच्या जोडीने देऊन पाहिलं, एकाही रुग्णाची गाठ निकषाइतकी आटली नाही. असलं वाचून कुणी केमो सोडली तर?

शेवाळ: एका चाचणीवर फाशी देऊ नका. 1995 मध्ये उंदरांत डीएनएमटी1 कमी करून वर औषध दिलं, तर पॉलिप, म्हणजे आतड्यातल्या छोट्या गाठी, धडाधड घटले. 2015 मध्ये आतड्याच्याच कॅन्सरपेशींत दिसलं की मिथाईल गट हटले की जनुकसंचात गाडलेले जुने विषाणू-अवशेष जागे होतात आणि पेशी संसर्ग झाल्यासारखी वागते.

खडूस_वाचक: उंदराचे पॉलिप आणि यकृतात पोचलेला कॅन्सर एकच का?

रानवारा: औषधं राहू द्या. फायबरपासून आतड्यातले जीवाणू ब्युटिरेट बनवतात, ते जनुकं बंद ठेवायला मदत करणाऱ्या एचडीएसी एन्झाइमांना रोखतं. खाणं सुधारा, हे कुणी बोलत नाही.

सायली७: बोलतात हो, सगळे तेच बोलतात! आई आयुष्यभर साधं, चोथ्याचं जेवली, तरी तिलाच झाला. आजारी माणसाला ‘काय खात होतात’ विचारणं आधी बंद करा. तिच्या गाठीत डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारं एमएलएच1 प्रथिन नव्हतं. ‘आनुवंशिक असेल’ म्हणून आम्हा भावंडांची झोप उडवली. मिथायलेशन, म्हणजे जनुकावर मिथाईल गट चिकटलेत का, ते तपासायचं दुसऱ्या डॉक्टरांनी सुचवलं. जनुक शाबूत, फक्त मिथाईल गटांनी बंद पडलेलं. म्हणजे लिंच, तो आनुवंशिक प्रकार, असण्याची शक्यता फारच कमी. अशा गाठींवर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारा उपचार, चालते, तिला ती मिळाली.

रानवारा: वाईट वाटलं. पण एका घरावरून फायबर खोटं ठरत नाही.

खडूस_वाचक: नाही ठरत. प्रतिबंध म्हणा, उपचार म्हणू नका. सायलीताईंच्या आईंना एपिजेनेटिक्सचा उपयोग झाला तो निदानात, एन्झाइम रोखून नाही.

शेवाळ: बरं, एकटं औषध पुरत नाही, घ्या मान्य. पण बहुतेक आतड्याच्या गाठी इम्युनोथेरपीला दाद देत नाहीत, त्यांचं काय? एन्झाइम रोखून त्या प्रतिकारशक्तीच्या नजरेत आणायच्या, हा रस्ता पहिल्या फिक्या निकालांवरून बंद करायला मी तयार नाही.

सायली७: बंद करा कोण म्हणतंय? पण संशोधन संशोधन म्हणून लिहा. रात्री दोनला रुग्णाची मुलगी हे वाचत असते.