मालवाहू गाडीचा विमा फर्स्ट पार्टी असला तरी आयएमटी २३ बघा

गाडीच्या विम्याबद्दल बरेच जण म्हणतात की थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) कायद्याने लागतेच, पण फर्स्ट पार्टी (आपल्या गाडीचं नुकसानही धरणारा विमा) काढली की मग टेन्शन नाही. पहिलं बरोबर आहे, दुसरं मात्र मालवाहू गाडीला जसंच्या तसं लागू होत नाही. माझा छोटा हत्ती आहे, भाजीपाल्याच्या भाड्याला फिरतो. दोन वर्षांपूर्वी पहाटे मंचरच्या अलीकडे म्हैस आडवी आली, समोरचा भाग पार चेपला. फर्स्ट पार्टी होती म्हणून मी निवांत, आणि विमा कंपनीकडून नुकसान बघायला आलेल्या सर्व्हेअरने बंपर, हेडलाइट, मडगार्ड, बॉनेट, रंगकाम सगळ्यावर सरळ काट मारली! मिळाले फक्त रेडिएटर आणि किरकोळ मजुरीचे. भांडून उपयोग नव्हता कारण पॉलिसीत तसंच लिहिलेलं, कमर्शियल गाडीला हे पार्ट आणि टायर-ट्यूब गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडे गेली तरच धरतात, नाहीतर आयएमटी २३ नावाचं एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायचं जादा कलम, जास्तीचा हप्ता भरून घ्यावं लागतं. एजंटने हप्ता कमी दाखवायला तेच गाळलेलं, आणि मी आपला खालची रक्कम बघून सही ठोकली.

अजून एक, पगारी ड्रायव्हर-क्लीनर असतील तर आयएमटी २८ (त्यांच्याबाबतची मालकाची कायदेशीर जबाबदारी विम्यात घेणारं कलम) पण बघून घ्या, माणशी ५० रुपये लागतात वर्षाला, चहापाण्यात जातात तेवढे. आणि बाजारात जाताना मागे हौद्यात गावची माणसं बसवू नका राव, मालाच्या गाडीत फुकट बसवलेल्या माणसाला काही झालं तर ती जबाबदारी इन्शुरन्सवर नाही, मालकाच्या बोकांडी बसते.