वाचनालयातल्या कार्यशाळेत पहिल्याच दिवशी नवा लेख नको

वाचनालयातल्या कार्यशाळेत प्रत्येकाकडून विकिपीडियावर एक नवा लेख लिहून घ्यावा, या सूचनेशी मी सहमत नाही. नवख्यांचे लेख संदर्भांअभावी किंवा मजकूर उचलल्यामुळे वगळले जातात आणि माणूस पुन्हा फिरकत नाही. त्यापेक्षा मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या पुस्तके मजकूररूपात ठेवणाऱ्या भावंड-प्रकल्पावर, मुद्रितशोधन (मूळ पानाशी ताडून मजकुरातल्या चुका सुधारणे) द्या. डावीकडे मजकूर, उजवीकडे पुस्तकाच्या पानाचे चित्र. ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरे पाहायची. निवृत्त शिक्षक यात पटकन रमतात. तपासलेले पान पिवळे होते, दुसऱ्या सदस्याने पुन्हा तपासले की हिरवे. म्हणून जोड्या लावा. पुस्तक प्रताधिकारमुक्त (कॉपीराइट संपलेले) हवे: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे मोजतात.

खरी अडचण खात्यांची. एका आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) 24 तासांत फक्त 6 खाती उघडता येतात. वाचनालयाच्या वायफायवर सगळ्यांचा पत्ता एकच, म्हणून सातवा माणूस अडकतो. खाती आदल्या दिवशी घरून, मोबाइल डेटावर उघडायला सांगा किंवा आठवडाभर आधी या मर्यादेतून सवलतीची विनंती करा. ईमेल नोंदवायला लावाच, नाहीतर पासवर्ड विसरला की खाते गेले.

टंकनासाठी पहिली 20 मिनिटे राखून ठेवा. संपादन चौकटीत कंट्रोल आणि एम दाबले की मराठी कळफलक सुरू होतो. रोमन अक्षरांची सवय असलेल्यांना अक्षरांतरण (रोमन अक्षरे दाबली की देवनागरी उमटते) सोपे. पाच-सहा जणांमागे एक मदतनीस हवा, आणि त्याने माऊस स्वतःच्या हातात घेऊ नये, हे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. अडीच तासांत माणशी दोन-तीन पाने झाली तरी पुष्कळ.