साताऱ्याहून थेट सहा हजार मीटर: नऊ दिवसांची रजा पुरेल का?

प्रश्न
नमस्कार. यवतेश्वरचा घाट पळत चढण्याचा माझा नियमित सराव आहे, अजिंक्यतारा तर रोजचाच; हिमालयात मात्र अद्याप गेलेलो नाही. लडाखमधील स्टोक कांगरी (6,153 मीटर) करण्याचा विचार आहे. नऊ दिवसांची रजा मिळते. विमानाने लेहला उतरून तेवढ्यात शिखर होईल का?

प्रतिसाद १
पायथ्याच्या स्टोक गावाचे पाणी ज्या हिमनदीतून येते तिच्यावरील ताण आणि वाढती गर्दी पाहून स्टोक कांगरी 2020 पासून बंद करण्यात आले, तेव्हापासून बरेच जण लडाखमधीलच मारखा खोऱ्यातील कांग यात्से-2 कडे (सुमारे 6,250 मीटर) वळतात. एजन्सीवाले त्याला ‘ट्रेकिंग पीक’ म्हणतात खरे, पण वरच्या उतारावर क्रॅम्पॉन (बर्फावर घसरू नये म्हणून बुटांखाली बांधायचे धातूचे दाते), आइस अ‍ॅक्स आणि दोर लागतातच. ऊन लागून बर्फ भुसभुशीत होण्याआधी परतता यावे म्हणून चढाई मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होते. तेव्हा अंधारात, जाड हातमोजे घालून क्रॅम्पॉनचा पट्टा आवळता येतो का, हे घरीच करून पाहावे.

प्रतिसाद २
मी सांगलीत डॉक्टर आहे. घाटात कमावलेला दम पायांच्या कामी येतो, विरळ हवेच्या नाही. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे आणि 5,500 मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. शरीराला त्याची सवय होण्यास दिवसच द्यावे लागतात, आणि तब्येतीने ठणठणीत माणूस भरभर चढत जातो म्हणून उलट तोच अडचणीत येण्याची शक्यता असते. 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, हा सर्वमान्य नियम नऊ दिवसांत बसत नाही. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळण्यासाठीची गोळी) स्वतःच्या मनाने घेऊ नका, विशेषतः सल्फाची अ‍ॅलर्जी असल्यास. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे.

प्रतिसाद ३
डॉक्टरसाहेबांशी सहमत. रजा वाढत नसेल तर यंदा शिखर सोडून मारखा खोऱ्याचा ट्रेकच करावा. त्यातील कोंगमारू ला खिंडही 5,200 मीटरच्या आसपास आहे. शिखरच हवे असेल, तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स आधी करणे उत्तम, पण त्याला जवळजवळ महिना लागतो.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. साहेबांकडे पंधरा दिवसांचा अर्ज टाकतो; मिळाले तरी यंदा मारखाच.