वीजबिल रोख भरावं की मोबाईलवरून?

प्रश्न: बाजाराच्या दिवशी तालुक्याला जातो तेव्हाच बिल रोख भरतो. मोबाईलवरून भरलं तर महावितरणचं घरगुती बिल खरंच कमी होते का भाऊ?

उत्तर १: होते, पण खरा फायदा तारखेत आहे. बिलाच्या तारखेपासून ७ दिवसांत भरलं तर १ टक्का सूट, ऑनलाइनची फक्त पाव टक्का. कर वगळून १२०० धरा: १२ अन् ३ रुपये. बाजाराची वाट पाहण्यात पहिले १२ जातात. बिलावरची शेवटची तारीख चुकली की उलट उशिराचा सव्वा टक्का आकार.

उत्तर २: छापील बिल बंद करा, दर बिलामागे १० रुपये सुटतात. छोट्या बिलाला हीच सूट मोठी! त्यासाठी लागणारा गो-ग्रीन नंबर छापील बिलावरच असतो, आधी टिपून घ्या. चेक टाळा, वटेल तोच दिवस भरण्याचा धरतात.