नाशिकमध्ये सिडकोतल्या बायकांची मापं वाढतायत आणि गंगापूर रोडच्या बारीक होतायत, हे फक्त मलाच दिसतंय का?

सिडकोकर

आई घरीच ब्लाउज शिवते, खूप वर्षं झाली. तिच्याकडे मापांची एक वही आहे, जुनी मापं खोडून बाजूला नवी लिहिलेली. परवा लाइट गेली होती म्हणून सहज चाळत बसलो तर लक्षात आलं की आमच्या सिडकोतल्या पवननगर, उत्तमनगरच्या साध्या घरांतल्या बायकांची मापं दर दोन-तीन वर्षांनी वाढतच गेलीयेत, ३४ चं ३६, ३६ चं ४०, आणि शिवण उसवून आतली माया (शिवणीत ठेवलेलं जादा कापड) सोडून द्या म्हणून येणारे ब्लाउज सगळे यांचेच. गंगापूर रोड, कॉलेज रोड या पैसेवाल्या भागातल्या ज्या चार-पाच मॅडम गाडी घेऊन येतात त्यांचं बरोबर उलटं, त्या टाइट करायला आणतात.

मी लहान असताना चांदवडकडे आमच्या गावात अंगाने भरलेली बाई म्हणजे खात्यापित्या घरची. मजुरीला जाणाऱ्या सगळ्या काटकुळ्या. लग्न झाल्यावर पोरगी जरा जाड झाली की आत्या-मावश्या कौतुकाने म्हणायच्या, सासर मानवलं हो हिला. मग हे चक्र फिरलं कधी?

विचारायचं कारण आई. उंची पाच फूट, वजन ७४, यंदा शुगर निघाली, गुडघे तर आधीपासूनच. डॉक्टर म्हणाले खाणं कमी करा, फळं-सॅलड खा, रोज फिरायला जा. अहो पण ती खाते काय? सकाळी चहा आणि दोन टोस्ट, मग थेट तीन वाजता, सगळ्यांचं उरकल्यावर, उरलेली पोळी आणि पातेल्यात जी भाजी राहिली असेल ती, मधे गिऱ्हाईक आलं की परत चहा, रात्री भात. माझ्या निम्मं पण खात नाही आणि दिवसभर कामात असते. बाकीच्या देशांत पण असंच आहे का? कुणी अभ्यास केलाय का यावर?

अर्धा_कप

मी पब्लिक हेल्थ शिकलेय म्हणून लिहिते. तुमचं निरीक्षण बरोबर आहे पण निम्मं.

१९८९ मध्ये सोबल आणि स्टंकर्ड या दोघांनी १४४ अभ्यास एकत्र करून पाहिले होते. श्रीमंत देशांत गरीब बायका जास्त लठ्ठ आणि गरीब देशांत पैसेवाल्या बायका जास्त लठ्ठ, असं त्यातून दिसलं. श्रीमंत देशांतल्या पुरुषांमध्ये चित्र इतकं स्पष्ट नव्हतं, बायकांमध्ये होतं. म्हणजे तुमच्या गावचं ते खात्यापित्या घरचं गणित तेव्हा जगभरच्या गरीब देशांत लागू होतं. मग २००४ मध्ये ब्राझीलचे कार्लोस मोंटेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सगळे विकसनशील देश एका मापाने मोजता येत नाहीत. देशाचं दरडोई उत्पन्न वर्षाला साधारण २५०० डॉलरपर्यंत आलं की बायकांमधला लठ्ठपणा वरच्या घरांतून खालच्या घरांत सरकायला लागतो, आणि पुरुषांच्या आधी बायकांमध्ये सरकतो. भारत आता आकड्याने तिथेच कुठेतरी आहे, डॉलरची किंमत तेव्हापासून बदललीये ते सोडा.

पण पूर्ण उलटं अजून झालेलं नाहीये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ ला २४ टक्के बायका जादा वजनाच्या निघाल्या, त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत २०.६ होत्या. शहरात ३३.२, खेड्यात १९.७. आणि देशभराचं पाहिलं तर आजही जितकं घर श्रीमंत तितकं प्रमाण जास्तच. तुमच्या आईकडे गंगापूर रोडच्या ज्या येतात त्या फिटिंगची हौस असलेल्या, जिमवाल्या. ज्या जाड आहेत त्या बुटीकमध्ये जात असतील, वहीत कशा येणार :) शहरातल्या कमी उत्पन्नाच्या घरांत वजन झपाट्याने वाढतंय हे मात्र खरं, आणि त्यांच्याकडे ना जिम ना डाएटिशियन.

पहाटफेरी

एवढे आकडे कशाला, सरळ गोष्ट आहे. मी रोज पहाटे साडेपाचला गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर असतो. ट्रॅक फुकट, हवा फुकट. ज्याला फिरायचंय तो फिरतो. आमच्या आज्या जात्यावर दळायच्या, पाणी शेंदायच्या, कोण जाड होतं? आता घरोघरी मिक्सर आणि सिरियल. काकूंनी शिलाई मशिनला मोटर लावली असेल तर ती आधी काढा, पाय चालवू द्या. जिभेवर ताबा आणि पायाला काम, बास.

निफाडची_लेक

दादा तुम्ही साडेपाचला ट्रॅकवर असता तेव्हा तुमच्या घरी डबा कोण करत असतं? नाही, खरंच विचारतेय.

माझं माहेर निफाडचं, सासर सातपूरचं, मिस्टर कंपनीत फर्स्ट शिफ्टला. पहाटे नळाला पाणी, मग डबा, मग पोरांची व्हॅन, मग सासूबाईंचं, आणि संध्याकाळी मोकळी झाले की अंधार, आमच्या गल्लीच्या तोंडाशी चार टोळभैरव गाडीवर बसलेले, त्यांच्यासमोरून ट्रॅक पँट घालून गेलं की दुसऱ्या दिवशी सगळ्या चाळीत चर्चा. २०१९ च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत आलंय, घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २९९ मिनिटं घालवतात आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७. तुमचा फुकटचा ट्रॅक त्या मधल्या २०२ मिनिटांत येतो.

आणि आज्यांचं म्हणाल तर माझी आजी काटकुळी होती कारण ती अर्धपोटी होती. सात बाळंतपणं, पन्नाशीत कंबर मोडलेली. मला ते जातं नकोय, मिक्सरच पाहिजे.

घरकाम करून माणूस दमतं पण त्यात दम लागत नाही हेही खरं आहे. उभं राहायचं, वाकायचं, परत उभं राहायचं. अंग दुखतं, वजन हलत नाही. बायका म्हणतात ऑपरेशन झालं आणि अंग सुटलं, आमच्या जाऊबाई तर छातीठोक सांगतात. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनने तसं काही होत नाही, नळी बांधतात, हार्मोनला हात लागत नाही. पण ते ऑपरेशन होतं तेव्हा दोन बाळंतपणं झालेली असतात, डिंकाचे लाडू, तुपातला शिरा पोटात गेलेला असतो, शेतातलं काम सुटून शहरातल्या दोन खोल्या आलेल्या असतात, मग नाव ऑपरेशनचं.

सिडकोकर

मोटर लावलीये खरी, मागच्या वर्षी, गुडघ्यांमुळेच. काढायची का मग?

चहात_बुडवलेलं_टोस्ट

मोटरला हात लावू नका, पुढे कुणीतरी सांगेलच. मी किराणा दुकानवाला आहे, अंबडला, मला काय दिसतं ते सांगतो. रेशनला गहू-तांदूळ येतो, पोट भरतं, चांगलंच आहे, उपाशी कुणी राहत नाही. त्याच्यावर लोक घेतात काय तर तेलाची पिशवी, साखर, चहा, टोस्ट-खारी आणि पोरांना १० रुपयांची पाकिटं. डाळ मोजून. शेंगदाणे मोजून. महिन्याच्या शेवटी उधारीवर पण तेल आणि साखरच जाते, सफरचंद उधारीवर मागायला आजवर कुणी आलं नाही. स्वस्तातलं तेल म्हणजे पामतेल, आपला देश जगात सगळ्यात जास्त पामतेल बाहेरून आणतो, आणि फरसाण-बिस्किटात तेच. माणशी महिन्याला अर्धा-पाऊण लिटर तेल पुरे असं म्हणतात, माझ्या गिऱ्हाइकांत चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा जाऊन परत एक-दोन पिशव्या जातात.

तुमच्या आई निम्मं खात नाहीत म्हणता ना, त्या चहात साखर किती चमचे आणि चहा दिवसाला किती ते मोजा. टोस्टमध्ये पण मैदा, साखर आणि तूप म्हणून डालडा. पोटाला लागत नाही पण अंगाला लागतं. माझाच माल आहे, मलाच माहिती.

सुरगाणा_एसटी

मी सुरगाण्याला, आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी भागात, आरोग्य खात्यात काम करते. सगळी चर्चा सिडको आणि गोल्फ क्लबची चाललीये म्हणून थोडं पलीकडचं. आमच्याकडे गरोदर बाई वजनकाट्यावर उभी राहते आणि काटा ४० च्या अलीकडे थांबतो, हे अजूनही नेहमीचं आहे. द्राक्षाचा सीझन आला की पेठ-सुरगाण्याच्या बायका दिंडोरी-निफाडला जातात, बागेशेजारी पाल टाकून राहतात, थिनिंग (घड विरळ करणं), डिपिंग (घड औषधात बुडवणं), दिवसभर हात वर करून उभं. सकाळी नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा, रात्री भात आणि पातळ वरण. ज्या बागेत राबतात तिथला एक्स्पोर्टचा घड त्यांच्या ताटात येत नाही.

महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीत २०.८ टक्के बायका कमी वजनाच्या होत्या आणि २३.४ टक्के जादा वजनाच्या. एकाच राज्यात, आणि आमच्यासारख्या ठिकाणी तर एकाच जिल्ह्यात. रक्त कमी असलेल्या ५४ टक्क्यांवर, त्यात बारीक पण आल्या आणि जाड पण. जाड बाईला रक्त कमी असूच शकत नाही असं लोक समजतात. पोट भरणं आणि अंगात काही जाणं यात फरक आहे. आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा बायांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं, अमृत आहार, त्याचा फरक पडतो, पण ती बाई सीझनला बागेवर असली की जेवण अंगणवाडीतच राहतं.

याच बाईच्या लेकी पुढे लग्न होऊन सातपूर-अंबडला येतात, कंपनीत नाहीतर धुण्याभांड्याला लागतात, आणि आठ-दहा वर्षांत मधुमेहाच्या रांगेत दिसतात. ते कसं होतं हे अर्धा_कप ताईंनी सांगावं.

अर्धा_कप

हो, हा मुद्दा राहिलाच होता आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांचं कमी असलेलं वजन जास्त करून स्नायूंचं आणि अवयवांचं होतं, चरबी त्या मानाने राखून ठेवलेली. दिसायला बारीक, आतून चरबीदार. आईच्या पोटात कमी मिळालं की शरीर काटकसरीला लागतं, आणि पुढे त्याच शरीराला शहरातलं तेल-साखर-मैदा मिळालं आणि काम बसून असलं की ते साठवत जातं. म्हणून आपल्याला कमी वजनावर पण शुगर होते. वजन आणि उंचीवरून जो बीएमआय काढतात तो जगात २५ च्या वर गेला की जादा वजन धरतात, आपले डॉक्टर २३ पासूनच सावध करतात. म्हणजे सरकारी पाहणीतले २४ टक्के हे २५ चा नियम लावून आलेत, आपला नियम लावला तर बरेच जास्त.

बाकी देशांचं विचारलं होतंत. दक्षिण आफ्रिकेत २०१६ च्या पाहणीत ६८ टक्के बायका जादा वजनाच्या किंवा लठ्ठ, पुरुष ३१. इतका फरक नुसत्या खाण्याने पडत नाही. एड्सच्या साथीत तिथे बारीक होणं म्हणजे आजारी असणं असा अर्थ लागायचा, मग कोण कशाला बारीक होईल. मॉरिटानियात तर पोरींना लग्नासाठी जबरदस्तीने दूध पाजून जाड करायची पद्धत होती, अजून पूर्ण गेलेली नाही. आपलं सासर मानवणं त्याच्याच लांबच्या नात्यातलं.

पहाटफेरी

निफाडची_लेक, डबा बायकोच करते, मान्य. पण म्हणून फिरायचं सोडून द्यायचं का सगळ्यांनी? काकूंना शुगर आहे, समाज सुधारेपर्यंत थांबणार का?

निफाडची_लेक

थांबू नका ना, पण "जिभेवर ताबा" ऐकून कुणाची शुगर उतरलेली मी पाहिली नाही. सिडकोकर, आईसोबत तुम्हीच जा. पोरगा बरोबर असला की गल्ली गप्प बसते, वाईट आहे पण आहे. राजे संभाजी स्टेडियम जवळच पडेल. गल्लीतल्या दोघी-तिघींना घेतलं तर अजून बरं, एकट्या बाईला नावं ठेवतात, घोळक्याला नाही ठेवत.

मोटर राहू द्या. गुडघे गेल्यावर फिरणार कशाने?

अर्धा_कप

मोटर राहू द्या याला माझंही अनुमोदन. खाणं कमी करण्याआधी खाण्याची वेळ बदला. तीन वाजेपर्यंत टोस्टवर राहायचं आणि मग पोळ्या-भाताने पोट भरायचं, याने शुगर वरखाली होत राहते. एक वाजता सगळ्यांबरोबर ताट वाढून घ्यायचं, त्यात उसळ किंवा घट्ट वरण आधी, पोळी नंतर. मटकी-हरभरा सफरचंदापेक्षा स्वस्त आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी पण वजनाने मोजूनच, भाकरी म्हणजे चालते म्हणून चार नाही. डॉक्टरांना विचारून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन दोन्ही तपासून घ्या. गोळ्या चालू असतील तर जेवणाच्या वेळा बदलतोय हेही त्यांना सांगा. आणि वजनकाट्याच्या मागे लागू नका, टेप तर घरातच आहे. बेंबीच्या जरा वर पोटाचा घेर बघा, बायकांना ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंचाच्या आत हवा.

सिडकोकर

घेर बघितला, ३९. आई म्हणाली हे वहीत लिहू नको. चहा दिवसाला सात निघाले, प्रत्येकी दोन चमचे, कारण गिऱ्हाईक आलं की त्यांच्यासोबत घ्यावाच लागतो म्हणते. टोस्टवाले दादा, तुमचं बरोबर निघालं.

एक वाजताच्या जेवणाला ती हो म्हणतेय पण वडील दोनला येतात, त्यांच्या आधी बसायला लाजते. त्यांच्याशी आज बोलतो. उसळीला मोड आणायचं काम माझ्याकडे घेतलंय, मटकी रात्री किती तास भिजवायची आणि फडक्यात किती वेळ बांधून ठेवायची ते कुणीतरी सांगा.

चहात_बुडवलेलं_टोस्ट

आठ-दहा तास भिजू द्या, मग पाणी पूर्ण काढून ओल्या फडक्यात घट्ट बांधा. उन्हाळ्यात रात्रभरात मोड येतात, थंडीत दीड दिवस लागतो, पातेलं गॅसच्या ओट्याजवळ ठेवा. मटकी बारीक घ्या, मोठी नको, ती नुसती फुगते.